पुळणीवर जॅक न्यायचा तर आधी टेप काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्टीचे दिवस आले की आपल्या अंकात एक छायाचित्र ठरलेले असते. एक्सलपर्यंत पुळणीत बसलेली गाडी, भोवती बघे आणि मागून चढत येणारे पाणी. किनाऱ्याचे नाव तेवढे बदलते. खाली ओळ असते, ‘अतिउत्साह नडला’. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. रुतणाऱ्या कितीतरी गाड्यांच्या मागे आता चांगला महागाचा जॅक बांधलेला दिसतो आणि ऐन वेळी तो उपयोगी पडत नाही. तो त्या गाडीच्या मापाचा नसतो, किंवा वाळूत उभाच राहत नाही. थार, जिम्नी, गुरखा, बोलेरो घेऊन किनाऱ्यावर आणि सड्यावर (जांभ्याच्या उघड्या पठारावर) फिरणाऱ्यांची संख्या वाढली आहे, म्हणून जॅकच्या मापाबद्दल सविस्तर लिहीत आहोत. कृपया जागा द्यावी.

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न असतो, ‘किती टनाचा देऊ?’ दुसरा, ‘लांबी किती?’ हे दोन्ही प्रश्न नंतरचे आहेत. आधी ठरवायचे ते हे, की गाडी उचलणार कुठून. त्या एका उत्तरावर बाकीची सगळी मापे अवलंबून असतात.

बंपरला किंवा चासीला (बॉडीखालच्या लोखंडी सांगाड्याला) जॅक लावला की आधी बॉडी वर येते, स्प्रिंगा मोकळ्या होतात आणि चाक मात्र खालीच लोंबत राहते. स्प्रिंग पुरती सुटेपर्यंत चाक जमीन सोडत नाही. या लोंबण्यात गाडीप्रमाणे १५ ते २५ सेंटिमीटर उंची खर्ची पडते. म्हणूनच उंच फार्म जॅक (उभ्या दांडीला भोके असलेला, ज्याला बरेच जण हाय-लिफ्ट म्हणतात) लागतो असे वाटते. तोच जॅक एक्सलखाली (दोन चाकांना जोडणाऱ्या नळीखाली), चाकाच्या जवळ लावला तर स्प्रिंगांचा संबंधच येत नाही. एक्सल उचलला की चाक लगेच उचलले जाते. तिथे १५ सेंटिमीटर उचलणारा छोटा बॉटल जॅक (बाटलीच्या आकाराचा, तेलाच्या दाबावर चालणारा) पुरतो. एकाच गाडीला एका जागी ४८ इंची जॅक लागतो आणि दुसऱ्या जागी हातात मावणारा चालतो, तो यामुळे.

फार्म जॅक बाजारात ३६, ४२, ४८ आणि ६० इंची मिळतो. हे माप उभ्या दांडीचे आहे, उचलण्याचे नाही. सरकणाऱ्या यंत्रणेलाच वरची नऊ-दहा इंच जागा लागते. ४८ इंची जॅक साधारण ३८ इंच, म्हणजे ९६-९७ सेंटिमीटरपर्यंत उचलतो; ४२ इंची ८०-८१ सेंटिमीटरला थांबतो. आता घरच्या अंगणात, सपाट फरशीवर गाडी उभी करून टेप लावा. बंपरच्या ज्या खाचेत जॅकची उचलणारी जीभ बसणार, तिथपासून जमिनीपर्यंतची उंची मोजा. पोलादी बंपर बसवलेल्या गाडीत ती ५५ सेंटिमीटर आली असे धरू. मग चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावून सावकाश उचला आणि टायरखालून कागद सहज ओढता येईल त्या क्षणी खाच किती वर गेली ते पाहा. समजा, २० सेंटिमीटर. चाकाखाली फळी सरकवायला १० आणि जॅकचा तळ वाळूत दबेल त्याचे ५. बेरीज ९०. म्हणजे या गाडीला ४२ इंची अपुरा आणि ४८ इंची नेमका. ६० इंचीची गरज ३३ इंच किंवा त्याहून मोठे टायर टाकून उंच केलेल्या गाडीलाच पडते. तो दीड मीटर लांब असतो, गाडीत धड मावत नाही आणि जितका वर चढवाल तितका कलंडायला तयार असतो. मोठा घेतलेला बरा, हा हिशेब इथे उलटा पडतो. पुरेल तेवढ्यांतला सर्वांत आखूड घ्यावा.

आणि मुळात, कंपनीतून आलेल्या गाडीला फार्म जॅक लावायचा कुठे? प्लॅस्टिकचा बंपर त्या जिभेवर फाटतो. दाराखालचा पत्रा आत दबतो आणि मग दार नीट लागत नाही. ज्यांच्या गाडीला वेगळी चासीच नाही अशा शहरी एसयूव्हीवाल्यांनी फार्म जॅकचा नाद सोडावा. त्यांच्यासाठी दाराखालच्या खुणेच्या खाचेत बसणारा कंपनीचाच जॅक योग्य आहे, फक्त त्याखाली फळी हवी. पोलादी बंपर नाही पण चासीची गाडी आहे, त्यांना चाकाच्या आऱ्यांत अडकवायच्या दोन आकड्यांचा पट्टा मिळतो. तो जॅकच्या जिभेला लावून थेट चाकच उचलता येते. स्प्रिंगांचे लोंबणे वगळले जाते आणि ४२ इंचीत काम भागते. रिमच्या फटीत आकडे नीट बसतात का, हे घरीच बघून ठेवावे.

टनांचे. एक कोपरा उचलताना पूर्ण गाडीचा भार जॅकवर येत नाही. भरलेल्या थारचा एक कोपरा साधारण ५०० किलोंच्या घरात, जिम्नीचा ३५० च्या आसपास. पण रुतलेली गाडी तिरकी असते, भार एका बाजूला झुकतो आणि ओला चिखल चाक धरून ठेवतो, म्हणून राखीव ताकद हवी. जिम्नीला २ टनी, थार-बोलेरो-स्कॉर्पिओला ३ टनी बॉटल जॅक भरपूर झाला. ‘असू दे ५ टनी’ म्हणून घेतला की फसगत होते, कारण टन वाढले की जॅकची बंद उंचीही वाढते आणि तो एक्सलखाली शिरत नाही. टायर पंक्चर होऊन बसला की एक्सलची नळी ८ ते १० सेंटिमीटर खाली येते. माप घ्यायचे ते त्या अवस्थेत. टायरची पूर्ण हवा सोडा, नळीच्या खालून जमिनीपर्यंत मोजा आणि त्यापेक्षा किमान ४-५ सेंटिमीटर कमी बंद उंचीचा जॅक घ्या, कारण खाली फळीही जायची आहे. डोक्यावर फिरवून वर काढायचा स्क्रू असलेला बॉटल जॅक असेल तर उत्तम; तो वरचे पाच-सात सेंटिमीटर मिळवून देतो.

एक्सल म्हटले की सगळ्या गाड्यांना सारखाच नसतो. जिम्नीला पुढे-मागे दोन्हीकडे सलग एक्सल आहे. थार, बोलेरो आणि नव्या गुरखाला तो फक्त मागे. पुढची चाके स्वतंत्र आर्मवर आहेत. तिथे मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच जॅक लावावा. स्टिअरिंगचा रॉड, आर्मचा पातळ भाग किंवा इंजिनाच्या तेलाचे चेंबर यांना जॅकचे डोके लागता कामा नये. मागेही मधल्या डिफरन्शियलच्या (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या) गोळ्याखाली जॅक लावू नये. त्याला गोलाई असते, एका टोकावर गाडी डोलते आणि भर वाळूत ती बाजूला पडते. नळीवर, चाकाच्या जितके जवळ तितके चांगले. ब्रेकची पाइप नळीवरूनच जाते, तेवढी जागा चुकवावी.

आता ज्याकडे कोणी बघत नाही ते, जॅकचा तळ. आमच्या मते कोकणात जॅकच्या लांबीपेक्षा त्याच्या तळाचा प्रश्न मोठा आहे. फार्म जॅकचा पाया साधारण सात इंच बाय चार इंच, म्हणजे २८ चौरस इंच किंवा १८० चौरस सेंटिमीटर. त्यावर ५०० किलो आले की दर चौरस सेंटिमीटरला पावणेतीन किलोंहून जास्त दाब पडतो. टायरवाल्यांच्या भाषेत ४० पीएसआय. कोरड्या पुळणीवर तरंगायला आपण टायरची हवा १५-१८ पर्यंत उतरवतो. तिथे ४० चा पाया घुसणारच. मग होते असे, की माणूस दांडा मारत राहतो, जॅक खाली जातो आणि गाडी जागेवर. बॉटल जॅकचा तळ तर त्याहून लहान.

यावर उपाय आहे एक फळी. ४५ सेंटिमीटर लांब, तेवढीच रुंद. १८ मिलिमीटरचे मरीन प्लाय दोन थर आडवे-उभे चिकटवून आणि स्क्रूने आवळून. एकेरी थर घेऊ नये. तो मध्ये वाकतो आणि कडा मोकळ्या राहतात, म्हणजे मोठी फळी घेऊनही तळ लहानच. होड्यांची कामे जिथे चालतात तिथे प्लायचे तुकडे मिळतात. कडांना होडीचाच रंग दोन हात मारावा, नाहीतर एका पावसाळ्यात थर सुटतात. या फळीवर तोच ५०० किलोंचा भार चौरस सेंटिमीटरला पाव किलो होतो, म्हणजे साडेतीन पीएसआय, आणि जॅक जागचा हलत नाही. फळीच्या मध्ये जॅकच्या तळाच्या मापाची चौकट होईल अशा चार रिपा ठोकून घ्याव्या, म्हणजे पाया घसरत नाही. बॉटल जॅकसाठी चौकटीत ६ मिलिमीटर जाडीचा, १५ सेंटिमीटर चौरस लोखंडी पत्रा ठेवावा. नाहीतर तळाची कड प्लायमध्ये रुतते आणि जॅक तिरका होतो.

इथे हात जोडून एक सांगायचे आहे. आपल्याकडे जॅकखाली पटकन मिळते ती वस्तू म्हणजे जांभ्याचा चिरा. कृपा करून चिऱ्यावर गाडी उचलू नका. भिंतीत चिरा सगळ्या अंगाने दाबला जातो, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. जॅकखाली सगळा भार तळहाताएवढ्या जागेवर येतो. आतून भोके असलेला, ओल धरलेला तो दगड चिरकण्याआधी काहीही सांगत नाही. एका झटक्यात दोन तुकडे होतात आणि गाडी खाली येते. चाक अडवायला चिरा बेलाशक वापरा, त्या कामाला तो चांगला आहे. भार घ्यायला मात्र लाकूड.

पुळणीत रुतलेल्या गाडीला जॅक लावण्याआधी चाक फिरवणे थांबवायचे. प्रत्येक फिरकीला चाक आणखी खाली जाते आणि डिफरन्शियल वाळूवर बसले की चारही चाके अधांतरी होतात. आधी चारही टायरची हवा १५ पीएसआयपर्यंत उतरवा, चाकांच्या पुढची आणि डिफरन्शियलखालची वाळू फावड्याने उपसा. निम्म्या गाड्या इथेच निघतात, जॅक बाहेर काढावाच लागत नाही. नाही निघाली, तर एक्सलच्या नळीखाली खड्डा घ्या. फळी ४ सेंटिमीटर आणि जॅक १८ सेंटिमीटर असेल, तर नळीच्या खाली निदान २३-२४ सेंटिमीटर खोल आणि फळी सपाट बसेल एवढा रुंद. दांडा फिरायला आणि खाली सोडायचा व्हॉल्व्ह उघडायला हात जाईल अशी एक बाजू मोकळी ठेवा; गाडी वर गेल्यावर व्हॉल्व्हच सापडत नाही, अशी गत होते. एका दमात सगळे उचलायचे नाही. १२-१५ सेंटिमीटर वर, चाकाखाली ओली वाळू ठोकून भरा, त्यावर फळी किंवा ट्रॅक (चाकाखाली घालायची खाचांची पट्टी) ठेवा, जॅक सोडा, मग दुसरे चाक. जुने गोणपाट किंवा सुक्या झावळ्याही चालतात. झावळीचा जाड देठ मात्र तोडून टाकावा, चाकाने तो उसळून मागच्या माणसाला लागतो.

गाडी फोर-लो मध्ये (चारही चाकांना ताकद देणाऱ्या सावकाश गिअरमध्ये) आणि गिअरमध्ये असू द्या, हँडब्रेक ओढलेला हवा. टू-व्हीलमध्ये मागचे एकच चाक उचलले, तर नुसत्या गिअरच्या भरवशावर गाडी थांबत नाही. डिफरन्शियलमुळे उचललेले चाक मोकळे फिरते आणि गाडी सरकते. गाडीखाली कोणी डोके घालायचे नाही. वाळूत घोडी (गाडी टेकवायचा लोखंडी स्टँड) उभी राहत नाही, तेव्हा चासीखाली स्टेपनी आडवी सरकवून ठेवावी. जॅक निसटलाच तर गाडी तिच्यावर टेकते.

फार्म जॅकचा हाताने मारायचा दांडा हा वेगळा धोका आहे. उतरवताना गाडीचे वजन दांड्यावर येत असते; हात सैल पडला की तो सोट्यासारखा वर येतो आणि जबडा फोडतो. दिशा बदलायची खिटी पाडण्याआधी दांडा पूर्ण उभा, भोकांच्या दांडीला चिकटलेला हवा. दोन्ही हातांनी धरावा, तोंड कधीही दांड्याच्या रेषेत आणू नये. आणि त्यात एक सुरक्षा बोल्ट असतो, भार मर्यादेबाहेर गेला की तो आधी तुटावा म्हणून मुद्दाम बेताचा ठेवलेला. तो तुटला की हार्डवेअरच्या दुकानातला कडक बोल्ट ठोकू नये. मग बोल्ट टिकतो आणि त्याऐवजी दांडा वाकतो. नावाजलेल्या बनावटीच्या ४८ इंची जॅकची क्षमता सुमारे २,१०० किलो असते, एवढे लक्षात ठेवावे.

खाऱ्या वाऱ्यात हाच जॅक उघड्यावर बांधून ठेवला की दोन महिन्यांत त्याच्या चढत्या पिना गंजून चिकटतात. पिन पुरती भोकात शिरली नाही की जॅक एक पाऊल चढतो आणि एक उतरतो. ग्रीस लावणे ही सर्रास होणारी चूक. ग्रीसला वाळू चिकटते आणि त्याची कानसच होते. डिझेलने धुऊन, सुकवून, पातळ तेलाचे चार थेंब पिनांवर आणि स्प्रिंगांवर. यंत्रणेवर जुन्या ट्यूबचा तुकडा ओढून घट्ट बांधला तर वाळू आत जात नाही. बॉटल जॅक उभाच ठेवावा आणि दट्ट्या पूर्ण खाली बसवून. बाहेर राहिलेल्या दट्ट्यावर गंज धरतो आणि तो गंज पुढच्या वेळी आतले सील फाडतो. तेल कमी झाले तर हायड्रोलिक तेलच घालावे. ब्रेक ऑइलने त्याची सिले फुगून निकामी होतात.

सायलेन्सरच्या धुराने फुगणारी पिशवी वाळूत खरोखर चांगली. तळ मोठा असतो, रुतत नाही. पण वर-खाली जाड चटई हवी आणि जांभ्याच्या सड्यावर ती आणू नये. एका टोकदार दगडाने काम संपते. सड्यावर उलट अडचण असते. जमीन कठीण, पण वर गोट्यांसारखे सुटे खडे, त्यावर फळी घरंगळते. खडे झाडून काढावे आणि फळीखाली रबराचा तुकडा घालावा. पावसात साइडपट्टीवरून गटारात कललेल्या गाडीला मात्र आधी दोरीने किंवा पट्ट्याने वरच्या बाजूच्या झाडाला बांधल्याशिवाय कुठलाही जॅक लावू नये. आणि खाजणातल्या काळ्या चिखलात गाडी गेली असेल तर जॅकचा विचारच सोडा. तिथे फळीही बुडते. ट्रॅक्टर किंवा विंच (दोर गुंडाळून ओढणारे यंत्र), दुसरा मार्ग नाही.

वेळेचे गणित इथल्या कोळ्यांना तोंडपाठ असते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास. म्हणजे उधाणाच्या दिवशी सकाळी सहाच्या आसपास पूर्ण ओहोटी, किनारा रुंद आणि कडक. पर्यटक गाडी खाली उतरवतात ती आठला. पाणी सर्वांत वेगाने चढते ते भरतीच्या तिसऱ्या आणि चौथ्या तासात. त्या दोन तासांत निम्मी भरती होऊन जाते. आठ ते दहा. एक चाक खणून, फळी लावून, उचलून, भरून बाहेर काढायला सरावाच्या हातालाही पंधरा-वीस मिनिटे लागतात. चार चाकांचा हिशेब ज्याने त्याने करावा. भरतीच्या रेषेवरची कोरडी वाळू सुरक्षित म्हणून तिथे गाडी घालणाऱ्यांना सांगायचे, की वेळास, आंजर्ले, गुहागरला नोव्हेंबर ते मार्च त्याच पट्ट्यात ऑलिव्ह रिडले कासवे घरटी करून अंडी घालतात. तिथे चाकही नको आणि फावडेही नको.

आपल्याला विनंती अशी, की रुतलेल्या गाडीचे छायाचित्र छापाल तेव्हा शेजारी त्या आठवड्याच्या भरती-ओहोटीच्या वेळाही छापाव्यात. जॅक विकणाऱ्यांनी खोक्यावर टनांच्या आकड्यासोबत बंद उंची, पूर्ण उंची आणि तळाचे माप ठळक लिहावे; ग्राहकाने ते मागून घ्यावे. आणि किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींनी वाहनतळाच्या टपरीत दोन फावडी आणि वर सांगितलेल्या मापाच्या चार फळ्या ठेवल्या, तर फळ्या बनवून द्यायला आम्ही तयार आहोत. प्लाय आणि स्क्रू त्यांनी द्यावेत, मजुरी नको.

आपले,
दापोली-गुहागर भागातील चारचाकी दुरुस्तीचे काही कारागीर